गुळाच्या रंगाचा चंद्र

कलकत्ता,
१४ सप्टेंबर १९५७

सौ. विजयमाला हिस भूपालचा जयजिनेंद्र. मी इकडं खुशाल आहे. तू तिकडं रागात खुशाल असशील, असं धरून चालतो.

माझी सगळी कार्डं पोचली हे मला ठाऊक आहे, कारण काल बाबासोचं कार्ड आलं. तुझा भाऊ लिहितो, "दाजी, तुमची कार्डं लई ग्वाड असत्यात. उसातलं तण भांगलायला आलेल्या बायकांस्नी वाचून दाखवतो. हसून हसून बेजार हुत्यात." म्हणून आता हे निळं बंद पत्र. बाबासो, चुकून तू फोडलं असशील तर मर्दा इथंच थांब आणि बहिणीच्या हातात दे.

फोटोचा विषय काढायचा नाही असं तू बजावलं होतंस. मी काढणार नाही. फक्त एवढंच म्हणतो, की कोल्हापुरातल्या कुठल्याबी स्टुडिओत जा, नवरीचा फोटो रंगवायचा म्हणजे तोंडावरनं गोरा हात फिरवायचा, गालाला गुलाबी लावायचं, ही रीतच आहे. न केलं तर नवरीची आई भांडायला येती. मी स्टुडिओत कामाला होतो तवा शंभरजणींच्या तोंडावरनं तसा हात फिरवलाय. मग माझ्या स्वतःच्या बायकोला सोडायची? उलट तुझ्यासाठी नवा ब्रश आणला. माणूस बायकोला काळी केली म्हणून मार खाईल, मी गोरी केली म्हणून खातोय.

आणि शेजारच्या तानाबाईनं आमच्या बावड्याच्या घरात येऊन भिंतीवरच्या त्या फोटोकडं बघत "ही पावणी कोण म्हणायची?" असं विचारलं, त्यात माझा काय गुन्हा? तिला दिवसाढवळ्या म्हैस दिसत नाही. पण तू "भिंतीवरचीलाच घेऊन संसार करा" म्हणालीस आणि ट्रंक उचलून शिरोळला माहेरी गेलीस, ती गेलीसच.

तू गेलीस म्हणून मी कलकत्त्याला आलो असं नाही. (असंच आहे.) कॅलेंडरं विकणारा एक माणूस स्टुडिओत यायचा, तो म्हणाला आमच्या छापखान्यात रंगाची जाण असलेला गडी पाहिजे, मी त्याच्याबरोबर गाडीत बसलो. तुझे बाबा म्हणतात, "ह्या जावयाच्या पायाला चाक हाय." सायकलचं दुकान सोडलं, सिनेमाचे बोर्ड रंगवायचं सोडलं, स्टुडिओ सोडला, खरं आहे. पण इथं जीव रमलाय. का ते लिहितो.

इथं कॅमेरा खात्यात ननीबाबू म्हणून मुख्य आहेत. बंगाली, म्हातारे, पान खाणारे. रंगीत चित्र छापायचं तर ते त्याचे तीन फोटो काढतात, एक लाल काचेतनं, एक हिरव्या, एक निळ्या. फोटो तिन्ही काळेपांढरेच. मग त्यांच्या तीन प्लेटा करून तीन शायांत एकावर एक छापायच्या, की चित्र रंगीत होऊन उभं राहतं. जादूच की! पण एकाबी काचेला उजेड कमीजास्त मिळाला की सगळ्या चित्रावर भलतीच झाक चढते. निळी काच उजेड जास्त खाते. तिला पोटभर दिला नाही तर कॅलेंडरावरच्या देवाला कावीळ होते. ती झाक काढायचं काम माझं.

आणि ह्या ननीबाबूंनी स्वतः काच घासून दुर्बीण केली आहे, घराच्या गच्चीवर. त्यांना त्याच तीन काचांनी चंद्राचा रंगीत फोटो काढायचाय. येत्या कार्तिकी पुनवेला, आपल्या त्रिपुरीला, खग्रास ग्रहण आहे. त्याचा. मला म्हणाले, "भूपाल, झाक तुम निकालेगा." मी व्हय म्हणून बसलोय.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझाच,
भूपाल


कलकत्ता,
१० ऑक्टोबर १९५७

सौ. विजयमाला,

तुझं पत्र आलं! तीन ओळी. "पत्र पोचलं. तुम्ही चंद्रालाबी गोरा करून सोडणार. पाऊस उघडला." मी ते छापखान्यात सगळ्यांना दाखवलं. वाचता कुणालाच येत नाही, पण अक्षर वळणदार आहे असं सगळे म्हणाले. तू सातवी शिकलेली, मी चौथीतनं पळालेला. आपल्या दोघांच्या अक्षराकडं बघून ननीबाबूंनी विचारलं, "इसने तुमसे शादी कैसे किया?" मी म्हटलं, बाबू, तोच तर घोळ चाललाय.

परवा कोजागिरीला आम्ही गच्चीवर रंगीत तालीम केली. आजकाल कलकत्त्यात सगळेच गच्चीवर असतात, कारण रशियानं आभाळात आपला एक बारका चंद्र सोडलाय आणि तो दिसतो का बघायला माणसं माना मोडून घेतात. ननीबाबू म्हणाले, नव्याचं नंतर बघू, आधी जुन्याचा रंग तर पकडू.

तर चंद्र घरांच्या डोक्यावरनं नुकता वर आला, तशा आम्ही पटापट तीन प्लेटा घेतल्या. चंद्र थांबत नाही. मी दुर्बिणीचा स्क्रू हळूहळू फिरवत त्याच्या मागं, आणि ननीबाबू ओरडतात, "भागता है, भागता है!" जसा काय चोर. नंतर चंद्र चांगला माथ्याकडं गेल्यावर आणखी तीन घेतल्या. दुसऱ्या दिवशी छापून बघितलं. पहिला चंद्र पिवळाधमक आला. मी म्हटलं, ही झाक. चंद्र पांढरा असतो हे शेंबड्या पोरालाबी कळतं. म्हणून पिवळेपणा जाईपर्यंत प्लेटा कमीजास्त केल्या, चंद्र कसा पांढराशुभ्र झाला. मग तेच माप लावून दुसरा छापला.

तो निळा आला की गं! निळा म्हणजे थंडीनं गारठून मेल्यासारखा. ननीबाबू बघतच राहिले. म्हणाले, "ये चाँद नहीं है, ये निमोनिया है."

आता मला कळेना झालंय. माप तेच, काचा त्याच, चंद्रबी तोच. ग्रहणाला महिना राहिलाय. ग्रहणाचा चंद्र तर मुळातच लाल असतो म्हणतात. मग त्यातला काचेचा लाल कुठला आणि चंद्राचा कुठला, हे मी कसं सांगायचं? सगळी झाक धुवायला गेलो तर ग्रहणच धुवून निघायचं.

तुझी आई कशी आहे? बाबांना म्हणावं, गुऱ्हाळ कधी लागणार?

तुझा,
भूपाल


कलकत्ता,
२७ ऑक्टोबर १९५७

सौ. विजयमाला,

दिवाळीचं तुझं पाकीट पोचलं. करंज्यांचा चुरा झालाय, पण चुरा गोड आहे. पत्र चांगलं दोन पानी. दोन पानांत मला तू किती वेळा येडं म्हटलंस ते मोजत नाही.

तुझ्या आईची युक्ती मी ननीबाबूंना जशीच्या तशी सांगितली. आई जयसिंगपूरच्या बाजारात लुगडं घ्यायला जाते, तवा जुन्या धुतलेल्या लुगड्याचा एक पांढरा तुकडा कनवटीला लावून जाते. दुकानात गॅसबत्तीखाली तो तुकडा नव्या लुगड्याशेजारी धरायचा. तुकडा जेवढा पिवळा दिसंल तेवढं बत्तीचं देणं. ते वजा केलं की उरंल तो लुगड्याचा रंग. आणि तू खाली लिहिलंस, "तुम्ही तुकडाच मळका घेतलासा. उगवता चंद्र कुठं पांढरा असतोय? आमच्या नदीवर तो हळद लावल्यागत वर येतो. धुळीतनं, धुरातनं येणार, दुसरं काय हुईल?"

ननीबाबूंनी पान थुंकलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, हवा म्हणजे चौथी काच, ती मी विसरलोच. मग म्हणाले, "तुम्हारा वाइफ को नौकरी देगा, तुमको छुट्टी."

तर आता असं ठरलंय. ग्रहण सुटलं, चंद्र वर चढून स्वच्छ झाला, की त्याच काचांनी, त्याच डब्यातल्या प्लेटांवर त्याचा फोटो घ्यायचा. तो आमचा पांढरा तुकडा. तो पांढरा होईपर्यंत माप बसवायचं आणि मग माप हलवायचं नाही. त्या मापात ग्रहणाचा चंद्र जसा येईल तसा येईल.

आता तुझी पैज. पत्र ननीबाबूंना दाखवताना, त्यांना वाचता येत नसलं तरी, तेवढा भाग मी अंगठ्याखाली धरला होता. तू लिहितेस, "त्या दिवशी आम्ही वाडीच्या घाटावर असू. मी माझ्या डोळ्यांनी बघीन. तुम्ही तुमचा छापून पाठवा. खरा असला तर मी कलकत्त्याला येते. रंगरंगोटी केलेला असला तर तुम्ही गाशा गुंडाळून बावड्याला यायचं, आणि भिंतीवरच्या बाईला आधी खाली उतरवायचं."

कबूल. पण खरा कोण ठरवणार? "मी," असं तू लिहिलंस. हा कुठला न्याय? तरी कबूल.

एक गोष्ट मात्र मनात येते ती लिहून टाकतो. तुझे बाबा गुळात रंग उजळायची पावडर टाकत नाहीत. कोल्हापूरच्या पेठेत त्यांच्या तांबूस ढेपेचा दर पडतो, शेजारचा पिवळाजर्द गूळ हातोहात जातो, तरी ते म्हणतात, "उसाचा रंग उसाला ठावं, मी कोण त्याला पावडर लावणारा?" मी जावई म्हणून त्यांच्या गुऱ्हाळात बसून हे ऐकलंय, मान डोलवलीय, गरम काकवी खाल्लीय. आणि घरी येऊन त्यांच्याच पोरीला...

असो. इकडं थंडी पडायला लागली.

भूपाल


कलकत्ता,
८ नोव्हेंबर १९५७

विजयमाला, घेतला! घेतला गं!

नीट सांगतो. आमच्या इकडं चंद्र तुमच्याआधी उगवतो, त्यामुळं ग्रहण लागलं तवा तो बराच वर होता. तुमच्याकडं उगवल्या उगवल्याच लागलं असणार. गच्चीवर अख्खी गल्ली लोटली. एवढी माणसं नाचायला लागली तर दुर्बीण हलंल म्हणून ननीबाबूंनी सगळ्यांना दम दिला, "जो हिलेगा उसको नीचे फेंकेगा." ग्रहण लागलं तसे चारी बाजूंनी शंख सुरू झाले. मग सगळ्यांचे उपास. मला विचारलं तुझा उपास नाही का? मी म्हटलं, आम्ही जैन, दिवस बुडायच्या आधीच जेवून मोकळे, ग्रहण आमचं काय वाकडं करणार!

चंद्र पुरता झाकला तसा मी दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यानं वर बघितलं. विजयमाला, मला वाटलं होतं कुंकवासारखा लाल होईल. तसा नव्हता. काय रंग होता ते मला सांगताच येईना. रंगाचं काम करणारा माणूस मी, आणि मला त्या रंगाचं नाव सापडेना.

तेवढ्यात "भूपाल!" म्हणून हाक आली. ग्रहण पुरतं राहणार थोडाच वेळ, आणि उजेड एवढा कमी की प्लेटा कितीतरी वेळ उघड्या ठेवायच्या. लाल झाली, हिरवी झाली. निळीच्या वेळी शेजारची एक बाई हात जोडून आडवीच आली. ननीबाबूंनी तिला उचलून बाजूला ठेवली, खरंच उचलून, जसा काय माठ. ती शिव्या देत असतानाच निळी घेतली. ती झाली न झाली तोच चंद्र सुटायला लागला.

मग सुटेपर्यंत बसून राहिलो. चंद्र स्वच्छ झाला, तशा पांढऱ्या तुकड्याच्या तीन प्लेटा घेतल्या. ननीबाबूंनी जिना उतरताना खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या डब्यातलं पान मला दिलं. ह्या म्हाताऱ्यानं आपलं पान दुसऱ्याला दिलं म्हणजे केवढी गोष्ट ते तुला इकडं आल्यावर कळंल.

तू घाटावर होतीस ना? त्याच वेळी वर बघत होतीस ना?

भूपाल


कलकत्ता,
१८ नोव्हेंबर १९५७

सौ. विजयमाला,

ह्याच्याबरोबर पुठ्ठ्यात घालून छापील चंद्र पाठवतोय. बाबासोला हात धुवून धरू दे.

आधी पांढरा तुकडा छापला. पहिल्यांदा हिरवट आला, मग जांभळट, मग शेवटी आला एकदाचा, निवळल्या चुन्यासारखा, ना इकडं ना तिकडं. तिथं माप बांधलं आणि त्या मापावर ग्रहणाचा चढवला. कागद उचलला. ननीबाबूंचं तोंड पडलं.

म्हणाले, हा तर मातकट आहे. एवढी खटपट करून मातकट? थोडं सिंदूर वाढवू, कॅलेंडरवर काय शोभंल! सिंदूर वाढवायला काय लागतं, शाईत बोटभर जास्त. कुणाला कळणार? मी म्हटलं, बाबू, शिरोळमधे एका माणसाला कळणार.

ते हसले. पण मग त्यांचं बोट गेलं चंद्राच्या कडेवर. एका बाजूला पांढरट रेघ राहिली होती, नखाएवढी. "ये तो प्लेट में उजेला घुस गया," म्हणाले, "इसको मार दो." मी ब्रश भिजवला. आणि खरं सांगतो, हात सवयीनं पुढं गेला. डाग दिसला की झाकायचा, हेच तर आजवर केलं. ब्रश टेकवणार, तेवढ्यात आठवलं, की मी वर बघितलं तवाबी ती कड तिथं होती. पुरता झाकला तरी तेवढी कड उजळच होती.

म्हटलं, "बाबू, वो था. हम देखा."

"देखा?"

"देखा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कडेकडं बघितलं. "तुमने देखा तो रहने दो," म्हणाले. "हम तो सारा टाइम घड़ी देखता था."

ब्रश धुवून ठेवला. तर हा असा आहे. मातकट तर मातकट, आणि कडेला नखाएवढा पांढरा. लोकांना वाटंल छापताना चुकलं. आता तू आणि तुझा न्याय.

भूपाल

ता. क. पैज हरलो तर येताना भिंतीवरच्या बाईला मीच उतरवीन. तुला शिडी चढायला लावणार नाही.


कलकत्ता,
२६ नोव्हेंबर १९५७

विजयमाला,

आज तुझं पार्सल आलं. माझा चंद्र तिकडं निघाला, तुझं हे इकडं निघालं, दोन्ही वाटेत कुठंतरी एकमेकांना रामराम करून गेली असणार. तू हे लिहिलंस तवा माझा छापील चंद्र बघितलेला नव्हतास, हे मला पुन्हा पुन्हा तारीख बघून पटवून घ्यावं लागतंय.

वर मुंग्या, आत फडकं, फडक्यात गुळाचा खडा. बाबांच्या गुऱ्हाळाच्या पहिल्या काहिलीचा. तू लिहितेस, "घाटावर बाया भांडत होत्या, त्रिपुराच्या वाती आता लावायच्या की ग्रहण सुटल्यावर. 'दे दान सुटे गिराण' म्हणून हाळ्या चाललेल्या. मी नुसती वर बघत बसलते. बरोबरची धोंडुबाई म्हणाली, लाल झाला. मला लाल वाटला न्हाय. सकाळी गुऱ्हाळात गेले, ढेपांवरनं नजर टाकली आणि म्हटलं, हाच. म्हणून खडा धाडलाय. खाऊ नगासा, आधी रंग बघा."

खिडकीत नेऊन उरलेल्या छापाशेजारी धरला. रंगाचं नाव गुळात होतं, आणि मी इथं गच्चीवर आभाळात शोधत होतो.

पण खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. जुळत नाही. जवळ आहे, पण माझा तुझ्या खड्यापेक्षा जरा लाल आहे. ननीबाबूंनी चष्मा लावून बघितलं आणि तेबी म्हणाले, "थोड़ा लाल." शाईत सिंदूर वाढवलं नाही, शपथ. हिरव्या काचेला उजेड कमी पडला असणार. पैज मी हरलो.

मग पुढची ओळ वाचली. "आणि एका अंगाला नखाएवढी कड पांढरी राहिलती. धोंडुबाईला दिसली न्हाय. ती तुम्ही पुसलीच असणार, मला ठावं हाय."

विजयमाला, मी ते पत्र हातात धरून छापखान्यात उभाच राहिलो. मशीनवाला ओरडला, "क्या हुआ, घर में सब ठीक?" मी म्हटलं, ठीक आहे की नाही ते शिरोळवरनं कळंल.

गूळ अजून खाल्लेला नाही. मुंग्यांना मात्र तू सांगितलं नव्हतंस.

वाट बघतो.

भूपाल


कलकत्ता,
३ डिसेंबर १९५७

माझ्या विजयमालास,

आजवर तुझी दोन पानी पत्रं आली, चार शिव्यांची आली, पण हे सगळ्यांत भारी. "रंग जुळला न्हाय. एक बोट लाल हाय. कड ठेवलीसा. येते."

मी ननीबाबूंना मराठीतच वाचून दाखवलं आणि त्यांना मराठीतच कळलं. त्यांनी सगळ्या खात्याला रसगुल्ले आणले. मग मी तुझा खडा फोडला, सगळ्यांना चिमूट चिमूट दिला. म्हटलं, खा, हा ग्रहणाचा चंद्र. एकानं विचारलं, अजून आहे का? म्हटलं, येतोय, बाबासोबरोबर.

बाबासोला सांग, कल्याणला गाडी बदलायची, झोपून राहायचं नाही. हावड्याला मी फलाटावर असेन. खोली लहान आहे पण गच्ची मोठी आहे, आणि ननीबाबूंच्या बायकोला तू उसाच्या रसात शिजवलेला भात करून दाखवावास असं मी आधीच कबूल करून बसलोय. पायाला चाक आहे म्हणणाऱ्या तुझ्या बाबांना सांग, की चाक फिरतंय, पण आता स्क्रूनं फिरतंय, हळूहळू, चंद्राच्या मागं.

भिंतीवरची बाई बावड्याला माझ्या आईला लिहून उतरवून घेतली. तिथं खिळा मोकळा आहे.

तुझा फोटो काढायचाय. दिवसाच्या उजेडात, गच्चीवर, तिन्ही काचांनी. तीन प्लेटा होईपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचं नाही, जमंल का तुला? चंद्राला त्यातलं गप्प राहायचं तेवढं जमतं.

येताना आईकडनं तो लुगड्याचा पांढरा तुकडा मागून आण. फोटोत तो हातात धर. तो पांढरा होईपर्यंत मी माप बसवीन, आणि मग ब्रशला हात लावणार नाही.

तुझा,
भूपाल